लोह खाऊनही अंगी का लागत नाही? बायकांचं आयर्न आणि आपले जीन्स

एकाच घरातल्या दोन जावा घ्या. एकाच परातीतली चपाती, एकाच कढईतली भाजी, वय साधारण सारखं, दोघींना एकेक मूल, आणि रक्त तपासलं की एकीचं हिमोग्लोबिन १२.८ आणि दुसरीचं १०.१. मग घरातले सगळे मिळून दुसरीच्या मागे लागतात, तू नीट जेवत नाहीस, पालक खा, बीट खा, खजूर खा, गूळ-शेंगदाणे खा. ती बिचारी सगळं खाते, गोळ्याही घेते, तीन महिन्यांनी परत टेस्ट आणि आकडा १०.४. आता ह्यावर तिला आणखी एकदा लेक्चर द्यायचं की कुठेतरी थांबून विचारायचं, की तोंडात गेलेलं लोह रक्तात पोचतंय का, आणि पोचत नसेल तर का?

ह्या "का"चं एक उत्तर जीन्समध्ये आहे. सगळं उत्तर तिथे नाही, आणि इंटरनेटवर जेवढं सांगतात तेवढं तर अजिबातच नाही. पण जे आहे ते प्रत्येक बाईला माहीत असायला हवं असं मला मनापासून वाटतं, कारण ते माहीत नसल्यामुळे कितीतरी जणी वर्षानुवर्षं चुकीच्या गोष्टीची गोळी खात राहतात.

आधी शरीरातला लोहाचा हिशोब बघू, तो कळल्याशिवाय पुढचं काही कळणार नाही. मोठ्या माणसाच्या अंगात सगळं मिळून ३ ते ४ ग्रॅम लोह असतं, बायकांमध्ये बहुतेक वेळा त्याहून कमीच, आणि त्यातला दोन तृतीयांश भाग हिमोग्लोबिनमध्येच असतो. रोज जुन्या लाल पेशी मोडतात, त्यातलं २० ते २५ मिलिग्रॅम लोह शरीर परत काढून घेतं आणि नव्या पेशी बनवायला वापरतं. म्हणजे रोजचं काम चालतं ते ह्या आतल्या आत फिरणाऱ्या लोहावर, जेवणातून नवीन आत येतं ते फक्त १ ते २ मिलिग्रॅम. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, जास्त झालेलं लोह बाहेर टाकायची सोय शरीराकडे नाहीच. मीठ जास्त झालं तर किडनी ते लघवीतून काढते, लोहाचं तसं काही नाही, थोडंफार जातं ते आतड्याच्या आणि त्वचेच्या झडणाऱ्या पेशींबरोबर, आणि रक्तस्रावातून. त्यामुळे जो काही कंट्रोल आहे तो आत घेतानाच करावा लागतो.

आता बायकांचं गणित. १ मिलिलिटर रक्तात साधारण अर्धा मिलिग्रॅम लोह असतं. पाळीत सरासरी ३० ते ४० मिलिलिटर रक्त जातं, म्हणजे महिन्याला १५ ते २० मिलिग्रॅम लोह गेलं, पुरुषाच्या खर्चापेक्षा रोजचं अर्धा मिलिग्रॅम जास्त. ऐकायला काहीच नाही वाटत, पण जिथे रोजची आवकच एक-दोन मिलिग्रॅम आहे तिथे अर्धा मिलिग्रॅम म्हणजे खूप झालं. ज्यांना ८० मिलिलिटरच्या वर जातं त्यांचं तर विचारूच नका. आणि एका गरोदरपणाला सगळं मिळून साधारण १००० मिलिग्रॅम लोह लागतं, बाळ, वार, वाढलेलं रक्त, बाळंतपणातला रक्तस्राव हे सगळं धरून. दोन बाळंतपणांत कमी अंतर असेल तर साठा भरून निघायला वेळच मिळत नाही. म्हणूनच हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीत पुरुषाला रोज १९ मिलिग्रॅम आणि बाईला २९ मिलिग्रॅम लोह सांगितलंय. आपल्या शाकाहारी जेवणातलं लोह जेमतेम ८ टक्के शोषलं जातं असं धरून हे आकडे काढतात, २९ चे ८ टक्के म्हणजे सव्वादोनच्या आसपास, हिशोब बरोबर जुळतो.

पण हे "८ टक्के" सगळ्यांना सारखं नसतं, आणि इथूनच जीन्सची गोष्ट सुरू होते.

लोह शोषलं जातं ते मुख्यतः जठराच्या लगेच पुढे असलेल्या लहान आतड्याच्या पहिल्या भागात. तिथल्या पेशींच्या आतड्याकडच्या बाजूला लोह आत घेणारं एक प्रोटीन असतं. पण पेशीच्या आत आलं म्हणजे रक्तात आलं असं नाही, दुसऱ्या बाजूने बाहेर पडून रक्तात जायला एकच गेट आहे, त्या प्रोटीनचं नाव फेरोपोर्टिन. हे गेट उघडं तर लोह रक्तात, बंद तर लोह पेशीतच अडकतं आणि तीन-चार दिवसांत ती पेशी झडली की शौचावाटे निघून जातं. गेटवर जो वॉचमन बसलाय त्याचं नाव हेप्सिडिन. हे लिव्हरमध्ये तयार होणारं हार्मोन आहे, फक्त २५ अमिनो आम्लांचं, अगदी छोटं. हेप्सिडिन वाढलं की ते फेरोपोर्टिनला जाऊन चिकटतं आणि पेशी ते गेटच मोडून टाकते.

हे सगळं आपल्याला कळून फार वर्षं नाही झालेली. २००० च्या आसपास हेप्सिडिन सापडलं तेव्हा ते जंतू मारणारं काहीतरी असावं असं वाटलं होतं. २००१ साली पॅरिसमध्ये संशोधक दुसऱ्याच एका जीनवर काम करत होते, त्यासाठी बनवलेल्या उंदरांच्या अंगात लोह साचत चाललेलं दिसलं, शोधल्यावर कळलं की ह्या उंदरांमध्ये हेप्सिडिन तयारच होत नाहीये. मग २००४ साली कॅलिफोर्नियातल्या टोमास गान्झ आणि एलिझाबेटा नेमेथ यांच्या टीमने हेप्सिडिन आणि फेरोपोर्टिनचं हे नातं दाखवलं. म्हणजे आपल्या आजीच्या, आईच्या काळातल्या डॉक्टरांना ही माहिती असणं शक्यच नव्हतं.

शरीरात लोह भरपूर असेल तर हेप्सिडिन वाढतं आणि गेट बंद होतं. लोह कमी पडलं तर उतरतं आणि गेट उघडतं. गरोदरपणात दुसऱ्या-तिसऱ्या तिमाहीत ते खूप खाली जातं, शरीर स्वतःच जास्त लोह आत ओढायला लागतं. आणि ताप, इन्फेक्शन, कुठलीही सूज असली की ते वाढतं, कारण जंतूंनाही लोह लागतं आणि शरीर ते लपवायला बघतं. म्हणून सतत काही ना काही आजारपण चालू असलेल्या बाईला गोळ्या लागू पडत नाहीत, तिचं गेटच बंद असतं.

आता ह्या वॉचमनला सूचना कोण देतं? लिव्हरच्या पेशीवर बरीच प्रोटीन्स मिळून ठरवतात की हेप्सिडिन किती बनवायचं, आणि त्या प्रत्येकाचा आपापला जीन आहे. ह्यातला बायकांच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा मला वाटतो तो टीएमपीआरएसएस६ नावाचा जीन. २२ व्या क्रोमोसोमवर असतो. ह्याचं प्रोटीन हेप्सिडिनला दाबून ठेवायचं काम करतं, म्हणजे लोह कमी असेल तेव्हा "गेट उघड" ही सूचना पुढे जाते ती ह्याच्यामुळे. २००८ साली काही कुटुंबांचा अभ्यास झाला जिथे मुलांना अगदी लहानपणापासून ॲनिमिया होता, तोंडावाटे कितीही आयर्न द्या काही उपयोग नाही, शिरेतून दिलं तरी अर्धवटच फरक. प्रत्येक जीनच्या आपल्याकडे दोन कॉपी असतात, एक आईकडून आलेली आणि एक वडिलांकडून, त्यांच्यात ह्या जीनच्या दोन्ही कॉपी बिघडलेल्या निघाल्या. हेप्सिडिन दाबणारं कोणीच नाही, त्यामुळे अंगात लोह नसतानाही गेट कायम बंद. हा आजार खूप दुर्मिळ आहे. तुम्हाला गोळ्या लागू पडत नाहीत म्हणजे तुम्हाला हाच आजार असेल असं कृपा करून समजू नका, तसं असायची शक्यता फार फार कमी आहे.

पण ह्याच जीनमध्ये एक छोटा, खूप कॉमन फरक आहे. प्रोटीनच्या साखळीत ७३६ व्या जागेवर कोणाला ॲलनिन हे अमिनो आम्ल असतं तर कोणाला व्हॅलिन. जीन टेस्टच्या रिपोर्टवर हा आरएस८५५७९१ अशा नंबराने येतो. व्हॅलिनवालं प्रोटीन हेप्सिडिन दाबायच्या कामात जरा कमी पडतं, म्हणून अशा लोकांचं हेप्सिडिन किंचित चढं आणि रक्तातलं लोह किंचित उतरतं राहतं. हा काही बिघाड नाही, जगात कोट्यवधी लोकांमध्ये आहे, आपल्याकडेही भरपूर. २००९ साली ह्यावर एक मोठा अभ्यास आला, युरोपियन आणि भारतीय वंशाच्या मिळून १६ हजार लोकांचा, त्यातले भारतीय वंशाचे लोक लंडनमध्ये राहणारे होते. त्यात निघालं की ह्या फरकाच्या एका कॉपीमागे हिमोग्लोबिन सरासरी ०.१३ ग्रॅमने कमी असतं. नंतर तैवानमधल्या बायकांना खास खूण केलेलं लोह देऊन त्यातलं किती रक्तात पोचतं ते मोजलं, तेव्हा दोन्ही कॉपी अशा असलेल्या बायकांनी खरोखरच कमी लोह शोषलं.

इथे जरा थांबून त्या ०.१३ कडे नीट बघा. दोन्ही कॉपी असल्या तरी ०.२६. म्हणजे जिचं हिमोग्लोबिन १२.३ असतं तिचं १२ च्या आसपास. हा फरक हजारो लोकांच्या सरासरीत स्पष्ट दिसतो, पण एका बाईला १०.१ वर आणून ठेवायला तो एकटा पुरत नाही. त्याच्या जोडीला भरपूर जाणारी पाळी, पाठोपाठची बाळंतपणं, कमी जेवण असं काहीतरी असावं लागतं, आणि मग मात्र हा छोटा फरकही जाणवतो, कारण जिचं गेट पूर्ण उघडत नाही तिला झालेली तूट भरून काढायला जास्त वेळ लागतो. मला जे कळतं ते असं, की हा जीन स्वतः खड्ड्यात ढकलत नाही, पण खड्ड्यातून वर यायला उशीर करतो.

ऑस्ट्रेलियात जुळ्या भावंडांवर अभ्यास झाला होता, २००० साली छापून आला, त्यात फेरिटिन म्हणजे साठवलेल्या लोहाच्या आकड्यात माणसामाणसांत जो फरक दिसतो त्यातला जवळपास निम्मा वंशपरंपरेने आलेला निघाला. लोक हा आकडा उचलतात आणि म्हणतात बघा निम्मं तर जीन्सच आहे. पण तो अभ्यास ज्या समाजात झाला तिथे बहुतेक सगळ्यांना पोटभर आणि साधारण सारखं मिळतं, त्यामुळे उरलेल्या फरकात जीन्सचा वाटा मोठा दिसणारच. जिथे एका बाईला रोज डाळ-भाजी-अंडं मिळतं आणि दुसरीला सगळ्यांची ताटं झाल्यावर उरलेलं, तिथे तोच निम्म्याचा आकडा लावता येणार नाही.

आता उलट्या बाजूचा जीन. एचएफई नाव, ६ व्या क्रोमोसोमवर, १९९६ साली सापडला. ह्याचं काम लोह भरलं की हेप्सिडिन वाढवायला सांगणं. हा बिघडला की गेट सतत उघडं, आणि वर्षानुवर्षं लोह साचत जाऊन लिव्हर, हृदय, स्वादुपिंड, सांधे खराब होतात. त्यातला सी२८२वाय नावाचा बदल उत्तर युरोपात खूप आहे, आयर्लंडमध्ये तर साधारण ८३ जणांमागे एकाकडे त्याच्या दोन्ही कॉपी असतात. त्या सगळ्यांनाच आजार होतो असं नाही, आणि बायकांना तर पुरुषांपेक्षा बराच कमी आणि बराच उशिरा होतो, बहुतेक वेळा पाळी गेल्यानंतर, कारण तोपर्यंत दर महिन्याला लोह बाहेर जातच असतं. ह्या आजारावर उपचार म्हणून मुद्दाम रक्त काढतात, तेच काम पाळी आपोआप करत असते. १९९८ साली ऑस्ट्रियातल्या तरुण बायकांच्या अभ्यासात तर असं दिसलं की ह्या बदलाची एकच कॉपी असणाऱ्या बायकांमध्ये लोहाची कमतरता इतरांपेक्षा कमी होती. बहुतेक म्हणूनच हा बदल तिथे इतका टिकून राहिला असावा असं एक मत आहे, ते मला पटतं.

आपल्या लोकांमध्ये सी२८२वाय जवळपास सापडतच नाही. त्याच जीनमधला एच६३डी नावाचा दुसरा, सौम्य बदल आपल्याकडे आहे, आणि हल्ली लाळ पाठवून जी जीन टेस्ट करतात तिच्या रिपोर्टमध्ये तो बघून लोक घाबरतात. नुसत्या एच६३डीमुळे लोह साचायचा आजार सहसा होत नाही. असा रिपोर्ट बघून स्वतःच्या मनाने आयर्न बंद करणं हे भारतातल्या बाईसाठी जास्त धोक्याचं आहे.

आता ज्या गोष्टीसाठी मी हा लेख लिहायला घेतला तिच्याकडे येते. आपल्याकडे लोहाच्या बाबतीत सगळ्यात जास्त गोंधळ घालणारी आनुवंशिक गोष्ट म्हणजे थॅलेसेमिया मायनर, त्यालाच थॅलेसेमिया ट्रेट किंवा कॅरिअर म्हणतात. हा लोह शोषणाचा जीन नाहीच, हिमोग्लोबिन बनवणारा जीन आहे. त्याची एक कॉपी नीट काम करत नाही म्हणून लाल पेशी लहान आणि फिकट होतात, हिमोग्लोबिन १० ते ११ च्या आसपास राहतं, आणि रिपोर्ट वरवर बघितला तर अगदी लोह कमी असल्यासारखाच दिसतो. भारतात साधारण ३ ते ४ टक्के लोक कॅरिअर आहेत, सिंधी, पंजाबी, लोहाणा, कच्छी भानुशाली, बंगाली अशा समाजांत जास्त, पण म्हणून मराठी घरांत नसतो असं अजिबात नाही. उल्हासनगर, मुंबई, पुणे, नागपूर, कुठेही सापडेल.

अशा बाईला काय होतं? शाळेत असताना "रक्त कमी" म्हणून गोळ्या, कॉलेजात गोळ्या, लग्नानंतर गोळ्या, आणि हिमोग्लोबिन तिथल्या तिथे. प्रत्येक वेळी तिलाच ऐकून घ्यावं लागतं की तू गोळ्या घेतच नसशील. तिच्या अंगात लोह पुरेसं असेल तर त्या गोळ्यांनी काही होणार नव्हतंच, आणि खरं कारण कोणी शोधलंच नाही. हे वाचताना कोणाला स्वतःचं काही आठवत असेल तर तुमचा जुना सीबीसी, म्हणजे रक्तपेशी मोजायच्या नेहमीच्या टेस्टचा, रिपोर्ट काढा. त्यात दोन आकडे बघा, एमसीव्ही म्हणजे लाल पेशीचा सरासरी आकार, आणि आरबीसी काउंट. लोह कमी असेल तर शरीर पेशी लहानही बनवतं आणि कमीही बनवतं, म्हणून दोन्ही आकडे खाली जातात. थॅलेसेमिया मायनरमध्ये पेशी खूप लहान पण संख्येने भरपूर, एमसीव्ही ६० ते ७० आणि आरबीसी काउंट ५० लाखांच्या वर. एमसीव्हीला आरबीसी काउंटने भागायचं, काउंट दशलक्षात धरून, उदाहरणार्थ ६४ भागिले ५.६ म्हणजे ११.४. उत्तर १३ च्या खाली आलं तर थॅलेसेमिया मायनरचा संशय घ्यायचा, वर असेल तर लोहाची कमतरता जास्त शक्य. ह्याला मेंट्झर इंडेक्स म्हणतात. हा फक्त अंदाज आहे, खात्री करायला एचबीए२ ह्या हिमोग्लोबिनच्या एका प्रकाराची टेस्ट लागते, ती साडेतीन टक्क्यांच्या वर आली की बहुतेक वेळा नक्की.

इथे एक खाचखळगा आहे तो नीट लक्षात ठेवा. थॅलेसेमिया मायनर असलेल्या बाईला लोहाची कमतरताही असू शकते, तिलाही पाळी येते, तिलाही मुलं होतात. त्यामुळे "मायनर आहे म्हणून आयर्न कधीच घ्यायचं नाही" हे सुद्धा चूक. फेरिटिन बघायचं, ते कमी असेल तर डॉक्टर आयर्न देतील आणि ते घ्यायचं, गरोदरपणात तर नक्कीच. आणि लोह खूप कमी असेल तर एचबीए२ खोटंच खाली येऊ शकतं, मग मायनर लपून राहतो, अशा वेळी लोह भरून काढून टेस्ट परत करावी लागते.

मायनर असलेली बाई स्वतः आजारी नसते, आयुष्य नॉर्मल जगते. प्रश्न येतो तो नवराही मायनर निघाला तर. मग प्रत्येक गरोदरपणात बाळाला थॅलेसेमिया मेजर व्हायची शक्यता २५ टक्के, आणि त्या मुलाला दर दोन-चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. त्यात लोहाची उलटी बाजू दिसते, अस्थिमज्जा जिवाच्या आकांताने पेशी बनवायला बघते, त्या पेशींमधून एरिथ्रोफेरोन नावाचं हार्मोन सुटतं, २०१४ साली हे सापडलं, ते हेप्सिडिनला खाली ढकलतं आणि आतडं नको असतानाही लोह ओढत राहतं. शिवाय चढवलेल्या रक्तातलं लोह वेगळंच. ज्या मुलाच्या अंगात पुरेसं रक्त नाही त्याच्याच लिव्हरमध्ये आणि हृदयात लोह साचतं, आणि ते काढायला आयुष्यभर औषधं. हे सगळं टाळता येण्यासारखं असतं, गरोदरपणाच्या सुरुवातीलाच, खरं तर लग्नाआधीच, एक टेस्ट केली तर.

विदर्भात, नंदुरबार-धुळ्याकडे, गडचिरोलीकडे सिकलसेलचा, म्हणजे लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होणाऱ्या आनुवंशिक आजाराचा, प्रश्न त्याहून मोठा आहे, भिल्ल, पावरा, गोंड, माडिया अशा आदिवासी समाजांत आणि विदर्भातल्या काही दलित समाजांतही. १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशात शहडोलहून केंद्राने सिकलसेल निर्मूलन मिशन सुरू केलं, त्यात तपासणी फुकट होते. सिकलसेलच्या पेशंटला रक्त कमी आहे म्हणून आपोआप आयर्न सुरू करायचं नसतं, तिथेही आधी साठा बघायचा. बाकी तो विषय इतका मोठा आहे की इथे चार ओळींत उरकणं बरोबर नाही.

आणखी एका आनुवंशिक गोष्टीकडे आपण बघतच नाही, ती म्हणजे रक्त न गोठण्याची. शोषण अगदी उत्तम आहे पण दर महिन्याला ८०-१०० मिलिलिटर रक्त जातंय तर साठा कुठून राहणार? फिनलंडजवळच्या ओलांड बेटांवर एका कुटुंबात लहानपणापासून खूप रक्तस्राव व्हायचा. १९२४ साली त्यातल्या पाच वर्षांच्या मुलीला डॉक्टर एरिक फॉन विलेब्रांड यांनी तपासलं, १९२६ साली त्यावर लेख लिहिला, आणि त्यांच्याच नावाने आज तो आजार ओळखतात. ती मुलगी पुढे १३ व्या वर्षी गेली, चौथ्या पाळीतल्या रक्तस्रावाने. हा आजार बायका आणि पुरुष दोघांमध्ये असतो, पण दर महिन्याला परीक्षा फक्त बायकांचीच होते. सौम्य प्रकारात जीव जात नाही, नुसता लोहाचा साठा कायम रिकामा राहतो. पहिल्या पाळीपासूनच खूप जातंय, दर एक-दोन तासांनी पॅड बदलावं लागतं, रुपयाच्या नाण्याहून मोठ्या गाठी पडतात, दात काढल्यावर रक्त थांबत नव्हतं, नाकातून वरचेवर रक्त येतं, आईला आणि मावशीलाही असंच व्हायचं, ह्यातलं दोन-तीन जुळत असेल तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा. "आमच्याकडे सगळ्यांनाच जास्त जातं" हे वाक्य आपण समजूत घालायला म्हणतो, खरं तर ती फॅमिली हिस्टरी आहे.

सीलिॲक आजारही ह्याच यादीतला, गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्याचा नेमका लोह शोषणारा भागच खराब होतो, त्यासाठी ठरावीक जीन्स असावे लागतात. उत्तर भारतात जास्त दिसतो. पोटाची काही तक्रार नसतानाही नुसता न सुधारणारा ॲनिमिया एवढंच लक्षण असू शकतं.

आता एवढं सगळं वाचून कोणी म्हणेल की मग भारतातल्या बायकांचा ॲनिमिया जीन्समुळेच आहे. नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना ॲनिमिया निघाला आणि त्याच वयाच्या २५ टक्के पुरुषांना. हे पुरुष ह्याच बायकांचे सख्खे भाऊ आहेत, टीएमपीआरएसएस६ तोच, थॅलेसेमियाचं प्रमाण तेच. भावाबहिणींमध्ये एवढी दरी येते ती पाळी, बाळंतपणं आणि ताटात काय आणि किती पडतं ह्यामुळे. महाराष्ट्राचा आकडा आधीच्या सर्वेक्षणात ४८ टक्के होता तो ५४ झाला, पाच वर्षांत कोणाचे जीन्स बदलत नसतात. सरकारी यंत्रणेने, घरच्यांनी "आनुवंशिक असेल" म्हणून हात झटकावेत असा ह्या लेखाचा उपयोग कोणी करू नये, मला त्याचा खरंच राग येईल.

मग करायचं काय. नुसतं हिमोग्लोबिन बघून थांबू नका, सीबीसी आणि फेरिटिन दोन्ही करा. जागतिक आरोग्य संघटनेनुसार फेरिटिन १५ च्या खाली म्हणजे साठा संपलेला, बरेच डॉक्टर ३० च्या खालीच उपचार सुरू करतात. ताप किंवा इन्फेक्शन असताना फेरिटिन खोटं वर जातं, बरं झाल्यावर तपासा. हिमोग्लोबिन १२ च्या वर आणि फेरिटिन ८, अशाही खूप बायका असतात, थकवा येतो, केस गळतात, आणि रिपोर्टवर "नॉर्मल" लिहिलेलं असतं.

गोळीबद्दल एक गोष्ट हेप्सिडिनमुळेच कळली. ६० मिलिग्रॅम किंवा जास्त आयर्नची गोळी घेतली की हेप्सिडिन वाढतं आणि साधारण २४ तास वर राहतं, त्यामुळे दुसऱ्या दिवशीची गोळी कमी शोषली जाते. २०१७ साली झुरिकच्या संशोधकांनी साठा कमी असलेल्या तरुण बायकांना रोज आणि दिवसाआड अशा दोन पद्धतींनी गोळ्या दिल्या, रोजच्या गोळीतलं १६.३ टक्के लोह शोषलं गेलं आणि दिवसाआडच्या गोळीतलं २१.८ टक्के. ज्यांना रोजच्या गोळीने मळमळ, बद्धकोष्ठता होते त्यांनी हे डॉक्टरांना जरूर विचारावं. गरोदर बायकांनी मात्र स्वतःच्या मनाने दिवसाआड करू नये, त्यांना सरकारी कार्यक्रमात १८० दिवस रोज गोळी सांगितलेली आहे ती डॉक्टर सांगतील तशीच घ्यावी. चहा-कॉफी जेवणाच्या आणि गोळीच्या आधी-नंतर तास-दीड तास लांब ठेवा, कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी. वरणावर लिंबू पिळा, पेरू, आवळा खा, कडधान्यांना मोड आणा, मोड आणल्याने त्यांतलं लोह अडवून ठेवणारं फायटेट कमी होतं. पालकाचं लोह कागदावर चांगलं दिसतं पण फारसं शोषलं जात नाही, त्यापेक्षा अळीव बरे, आणि चालत असेल तर मटण-मासे, त्यातलं लोह कितीतरी सहज शोषलं जातं. गेट थोडं कमी उघडणाऱ्या जीनवालीला तर ह्या गोष्टी इतरांपेक्षा जास्त कामाच्या.

हजारो रुपये घालून जीन टेस्ट करायची गरज बहुतेक कोणालाच नाही. टीएमपीआरएसएस६ चा रिपोर्ट काहीही आला तरी उपचार फेरिटिन बघूनच ठरणार. गोळ्या नीट घेऊन महिन्याभरात हिमोग्लोबिन १ ग्रॅमनेही वाढलं नाही, तर मात्र डोस वाढवत बसण्याआधी एचबीए२ करून घ्या, पाळीचं नीट सांगा, सीलिॲकचं विचारा. आणि एचबीए२ मध्ये थॅलेसेमिया मायनर निघाला तर तो रिपोर्ट फाइलमध्ये ठेवून देऊ नका. तुमच्या प्रत्येक सख्ख्या भावंडाला तोच असायची शक्यता किमान पन्नास टक्के आहे, तुमच्या प्रत्येक मुलाला पन्नास टक्के. आई किंवा बाबा, ज्यांच्याकडून आला त्यांच्या बाजूची मावस, मामे, चुलत, आते भावंडंही त्यात येतात. लग्नं ठरत असलेल्या पोरापोरींना तर त्याच आठवड्यात फोन करून सांगा.